म्हात्रे सरांची विहीर

उत्तरपत्रिकेत चूक सापडली की बाकीचे शिक्षक कपाळावर हात मारतात. आमचे म्हात्रे सर मांडीवर थाप मारायचे. "लिवलाय ना, पोरानं लिवलाय!" असं ओरडून पिशवीतून जाडजूड वही काढायचे आणि ती चूक जशीच्या तशी उतरवून घ्यायचे. लाल पेन ते वापरायचेच नाहीत. मार्कसुद्धा पेन्सिलीने द्यायचे.

निजामपुऱ्यातल्या आमच्या शाळेत सर मराठी शिकवायचे आणि मी गणित. खिडकीला लागूनच कापड विणायचे लूम. त्यांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. पण ते लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट गेली की गल्ली चिडीचूप व्हायची आणि स्टाफरूममध्ये सरांची वही उघडायची.

"आयका बाई! कवितेचा मध्यवर्ती धागा कोणता? 'धागा तुटल्यास कवीने मशीन बंद करून गाठ मारावी.'"

नायिका रात्रभर जागी का, तर नायकाची नाईट शिफ्ट होती आणि किल्ली तिच्याकडे होती. करुण रसात म्हणे साखर कमी असते.

मी पडले गणिताची बाई. चूक म्हणजे चूक. "सर, अशाने पोरं दहावीला आपटतील," मी करवादायचे.

"आपटू दे. पन धागा समजला का न्हाय त्याला?"

मी माझं लाल पेन उचलून पुढचा पेपर ओढायचे.

वहीमागची गोष्ट मला फार उशिरा कळली. सर जवळच्याच पूर्णा गावचे. त्यांची बायको हिरा शाळेची पायरी चढलेली नव्हती. संध्याकाळी ती घरामागच्या विहिरीवर पाणी शेंदायची आणि सर कठड्यावर बसून दिवसभराच्या चुका वाचून दाखवायचे. ती इतकी हसायची की दोर हातातून सुटून पोहरा धाडकन पाण्यात जायचा. मग दोघं मिळून गळ टाकून तो काढायचे. हिरा गेली आणि ऐकायला आम्ही उरलो. आम्हीही हसायचो, पण पोहरा सुटेल इतकं नाही.

एके वर्षी पूर्ण्यात गोदामांची रांग सरांच्या घरापर्यंत आली. भावांनी मागची जमीन गोदामाला द्यायचं ठरवलं. म्हणजे विहीर बुजवणं आलंच. एकटे सर अडून बसले होते. भाऊ म्हणाले, "ते पाणी आता पितंय कोन?"

अशातच आठवीची चाचणी झाली. प्रश्न होता, नायिकेच्या विरहाचे वर्णन करा. पद्माचा कागद सरांनी माझ्यापुढे सरकवला. थाप नाही, ओरडणं नाही. लूमवाल्याची ती पोर घरी तेलुगू बोलायची. अक्षरांची अदलाबदल करून तिने सगळीकडे विरहाची विहीर केली होती. 'नायक परगावी गेल्यापासून नायिकेला विहीर आहे. विहीर दिवसेंदिवस खोल होते. मैत्रिणी समजावतात, पण विहीर कमी होत नाही.'

मला हसू आवरेना. "सर, 'विरह' पाहिजे."

"न्हाय बाई. बराबर हाय." त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले आणि उत्तर वहीत उतरवून घेतलं.

मे महिन्यात विहीर बुजली. भावांपुढे सरांचं काही चाललं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. सर रोज यायचे, शिकवायचे, जायचे. वही काही पिशवीबाहेर येईना. एक दिवस लाइट गेली, लूम थांबले, आणि मला ती शांतता सोसवेना. "सर, काढा की वही," मी आपणहून म्हटलं.

त्यांनी वही काढली, पद्माचं पान उघडलं आणि माझ्याकडे हात पुढे केला. "तुमचं लाल पेन द्या जरा."

पहिली 'विहीर' खोडून त्यांनी वर 'विरह' लिहिलं. मग दुसरी.

"अहो सर, राहू द्या ना ते!" आयुष्यात पहिल्यांदाच मी एका चुकीसाठी गयावया करत होते.

"विहीर व्हती तवर बराबर व्हता, बाई," तिसरी खोडत सर म्हणाले. "आता चूक हाय."