इन्व्हर्टरवरचं शास्त्र

लाइट गेले की पाच मिनिटांत आमच्या दारावर थाप पडायची आणि बाहेरून शिरसाठकाका विचारायचे, "वैशाली, तुमच्या इन्व्हर्टरवर माझं शास्त्र ठेवू का जरा?"

शास्त्र म्हणजे बायबल. काका मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, त्यांच्याकडे त्याला पवित्र शास्त्रच म्हणतात. फक्त काकांचं शास्त्र तळहाताएवढ्या पामटॉपमध्ये राहायचं आणि त्या यंत्राला एक वाईट खोड होती. बॅटरी पुरती उतरली की आतलं सगळं पुसलं जाऊन ते दुकानातून आणल्यासारखं कोरं व्हायचं. दिल्लीतली आमची द्वारका तेव्हा नुकती वसत होती. लिफ्ट आली होती, डोक्यावरून विमानं जात होती, वीज मात्र मनाला येईल तेव्हा यायची. गेटवरचा रामकिशनसुद्धा लाइट गेले की वर बघून ओरडायचा, "अंकलजी, चार्जर लेके भागिए!"

बॅटरीचा धसका काकांच्या बोलण्यातही उतरला होता. 'कशी आहेस' असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "काड्या किती?" यंत्राच्या कोपऱ्यात चार्ज दाखवणाऱ्या चार काड्या असत, त्या हिशोबाने ते सगळ्या जगाकडे बघत. मी ऑफिसातून दमून आले की, "आज एकच काडी दिसतेय तुझी, चहा घे." सासूबाई देवळातून आल्या की, "वहिनी, फुल चार्ज!"

सरकारी खात्यात नकाशे काढण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून ते आमच्या खालच्या मजल्यावर आले, एकटेच. पेन्सिल कानावर ठेवायची सवय सुटली नव्हती, म्हणून पामटॉपची लेखणी कानावर. ती महिन्यातून एकदा हरवायची. मग सासूबाईंची क्रोशाची सुई उलटी धरून अभ्यास चाले.

अभ्यास म्हणजे संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून शब्द शोधणं. यंत्रातलं बायबल इंग्रजी, काका ते मराठीत मोठ्याने सांगायचे. शेजारी सासूबाई जपमाळ घेऊन. "कुठलाही शब्द सांगा वहिनी, दोन सेकंदांत सापडतो."

"वांगी आहेत का बघा."

काका गंभीरपणे लेखणी फिरवायचे. "वांगी नाहीत. काकडी आहे, कांदा आहे, लसूण आहे."

"मग होईल कोशिंबीर," असं म्हणून सासूबाई पुढचा मणी ओढायच्या. सोसायटीचे सेक्रेटरी खुरानाजी एकदा थट्टेने म्हणाले, "अंकलजी, इसमें लिफ्ट है क्या?" काकांनी तेही शोधलं. "लिफ्ट नहीं है जी, सीढ़ी है. सीधी स्वर्ग तक." त्या आठवड्यात आमची लिफ्ट बंद होती, त्यामुळे खुरानाजी जास्त बोलले नाहीत.

चर्चमध्ये मात्र त्यांचे हाल व्हायचे. सगळे पानं उलटत असताना हे यंत्रावर टोचत बसलेले. मागच्या बाकावरच्या बाईंना वाटायचं, म्हातारा गेम खेळतोय.

एवढा आटापिटा कशासाठी, हे मला कळत नव्हतं. बायबलची सीडी त्यांच्याकडे होती. सायबर कॅफेवाला दहा मिनिटांत ते परत भरून द्यायचा. मी तसं म्हटलंही.

"शास्त्र भरता येतं गं. माझ्या नोंदी कशा भरणार?"

"मग नोंदी वहीत लिहून ठेवा ना."

"कागदावर लिहायला हक्क लागतो," ते म्हणाले आणि लगेच विषय बदलून काड्या मोजायला लागले.

मग मे महिन्यात आमचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दोन दिवस वीज नाही. इन्व्हर्टरनेही मान टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी काका दारात उभे, चेहरा उतरलेला. "एकच काडी आहे, वैशाली. तीपण लुकलुकतेय."

माझं ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गावर. तिथले लाइट जात नसत. "द्या इकडे," मी ऐटीत म्हटलं, "संध्याकाळी चार काड्या घेऊन येते."

ऑफिसात पोचल्या पोचल्या मी चार्जर लावला, यंत्र टेबलावर ठेवलं आणि कामाला लागले. दुपारी डबा उघडताना लक्ष गेलं. प्लग भिंतीत होता, पण खालचं बटण मी दाबलंच नव्हतं. घाईघाईने दाबलं. काही वेळाने पडदा उजळला आणि यंत्राने माझं हसतमुख स्वागत केलं, नव्या गिऱ्हाइकाचं करतात तसं. आतलं सगळं पुसलं गेलं होतं. डबा तसाच बंद केला.

संध्याकाळी सासूबाईंना आधाराला घेऊन मी काकांकडे गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "असू दे, असू दे. शास्त्र परत भरता येईल." आणि खुर्चीत बसून राहिले.

"नोंदी कसल्या होत्या, काका? आठवतील तशा सांगा, मी लिहून घेते."

काका उठले. कपाटातून पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं जाडजूड मराठी बायबल काढलं आणि पहिलं पान उघडलं. तिथे छापील काही नव्हतं. वर त्यांच्या आजोबांच्या हातचं वळणदार अक्षर, खाली वडिलांचं. कुणाचा जन्म, कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचं लग्न, कोण देवाघरी गेलं. "आमच्यात घरातलं माणूस या पानावर येतं," काका म्हणाले. शेवटची ओळ होती: शमुवेल, जन्म. ते स्वतः. त्याखाली अर्धं पान कोरं.

"मी एकुलता एक. लग्न राहून गेलं. या पानावर लिहायला पुढे कोणी नव्हतं. मग यंत्रात एक पान केलं. तुझ्या अनयाचा जन्म, वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन, रामकिशनच्या मुलीचं लग्न, खुरानांचा नातू. त्यात कोण बघायला येतंय? कागदावर लिहायचं तर नातं लागतं."

मला इतकं वाईट वाटलं की रागच आला. त्यांचाही आणि त्या बटणाचाही. "पेन कुठंय तुमचं?"

"अगं, आडनाव वेगळं, धर्म वेगळा. पास्टर काय म्हणतील?"

सासूबाई पुढे सरसावल्या. "पास्टरांना मी सांगेन काय ते. तुमच्या शास्त्रात वांगी नाहीत तरी मी रोज येऊन बसतेच ना बाकावर? लिहा. पण आधी नातीचं, मग माझं."

काकांनी नकाशाचं जुनं पेन शोधलं, चष्मा पुसला, पान सरळ केलं. "अनया," ते लिहिता लिहिता म्हणाले. "किती वाजता झाली?"

"सकाळी सातला," मी म्हटलं.

"सात दहा. टॅक्सी मीच आणली होती. मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभा होतो."

मी आई असून दहा मिनिटं विसरले होते. त्यांना यंत्राची गरज नव्हती.

तेवढ्यात लाइट आले. खालून रामकिशन ओरडला, "अंकलजी, आ गई! चार्ज पे लगाइए!" डोक्यावरचा पंखा गरगरला आणि बायबलचं ते जुनं पान फडफडायला लागलं. मी पामटॉप आणि चार्जर घेऊन धावले. काकांनी माझ्या हातातून पामटॉप घेतला, फडफडणाऱ्या पानाच्या कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवला आणि सासूबाईंना विचारलं, "हं, वहिनी, तुमचं पूर्ण नाव सांगा."