घुबडाचा फराळ

"सर, या खोलीतून आजवर एकही तक्रार आलेली नाही, आजही येणार नाही. मी आहे ना," नागवेणी हेब्बार छातीठोकपणे म्हणाली.

"तुम्ही आहात म्हणूनच विचारतोय," डॉ. शिवलिंगय्या म्हणाले.

म्हैसूरच्या त्या जुन्या निसर्ग-संग्रहालयात डॉ. शिवलिंगय्या संचालक होते आणि मुळात ते खडकांचे माणूस. खडक हातातून पडला तर फरशी फुटते, खडकाला काही होत नाही. पण त्यांनी तेही काचेत ठेवून कुलपं लावली होती. इमारतीत जिथे नजर जाईल तिथे 'हात लावू नये' ही पाटी. स्वच्छतागृहाच्या नळावरसुद्धा एक होती. ती तिथे कुणी लावली हे कुणाला आठवत नव्हतं आणि काढायची कुणाची हिंमत नव्हती.

अशा जागी नागवेणीने दोन वर्षं भांडून मागच्या बाजूची एक अडगळीची खोली मिळवली आणि दारावर पाटी लावली, 'हात लावा'. आत हत्तीची दाढ होती, सापाची कात होती, मोराची पिसं होती, अस्वलाची कवटी होती. शाळेची मुलं यायची, सगळं हाताळायची, नाकाला लावायची, एकमेकांच्या डोक्यावर ठेवायची. मुलं बाहेर पडताना इतकी बोलायची की बसच्या ड्रायव्हरला हॉर्न ऐकू येत नसे.

पण खोलीचा खर्च उचलणाऱ्या ट्रस्टच्या अध्यक्षा कनकवल्ली अम्मा आज स्वतः पाहणीला येणार होत्या. त्यांना पटलं तर खोली राहणार. नाहीतर साहेबांनी तिथे जुनी कपाटं ठेवायचं ठरवूनच टाकलं होतं. माप घ्यायला सुतारसुद्धा येऊन गेला होता.

म्हणून नागवेणीने आज ठेवणीतला कार्यक्रम काढला होता. गव्हाणी घुबड उंदीर अख्खाच गिळतं. मांस पचतं, पण केस आणि हाडं पचत नाहीत. मग ते सगळं एकत्र दाबून घुबड तोंडावाटे एक काळपट गोळी बाहेर टाकतं. ती गोळी चिमट्याने सोडवली की आत उंदराचा सांगाडा मिळतो, अगदी इवल्याशा दातांसकट. नंजनगुडजवळच्या एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या माळ्यावरून नागवेणीने अशा गोळ्या स्वतः गोळा करून आणल्या होत्या. जंतू मरावेत म्हणून त्या चंदेरी कागदात गुंडाळून ओव्हनमध्ये चांगल्या भाजल्या होत्या. संग्रहालयाचा ओव्हन बिघडलेला होता, त्यामुळे घरच्याच ओव्हनमध्ये. सासूबाई देवळात गेल्या असताना. त्या बाबतीत एवढं सांगणं पुरे.

सासूबाईंना फक्त एवढंच माहीत होतं, की बंगळूरहून कुणी मोठ्या बाई येणार आहेत आणि त्यांना चहाबरोबर द्यायला काहीतरी हवं. त्यांनी नाचणीचे लाडू केले. खमंग भाजलेली नाचणी, काळा गूळ, तीळ, दाणे, सुकं खोबरं, वेलची. मोठी माणसं नावालाच एखादा उचलतात, म्हणून लहान-लहान वळले, तेही मुठीत दाबून, लांबट मुटक्यांसारखे. आणि संग्रहालयातली माणसं कशाला काय हात लावून येतील सांगता येत नाही, म्हणून एकेक लाडू चंदेरी कागदात गुंडाळला.

पिशवीत वर घुबडाच्या गोळ्यांचा डबा आणि खाली लाडवांचा, असं नागवेणीने भरलं होतं. ती केस विंचरायला गेली तेवढ्यात सासूबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. खाण्याचा डबा ऑफिसच्या सामानाखाली चेपलेला त्यांना बघवला नाही. त्यांनी तो वर काढून ठेवला. दोन्ही डबे स्टीलचे, एकाच दुकानातले.

संग्रहालयात पोचल्यावर नागवेणीने वरचा डबा मुलांच्या टेबलावर ठेवला आणि खालचा शिपाई रंगण्णाच्या हातात दिला.

"रंगण्णा, अम्मा आल्या की यांचे कागद काढून बशीत नीट मांड आणि चहाबरोबर साहेबांच्या खोलीत ने."

"काय आहे अक्का?"

"सासूबाईंनी केलंय. घरचं आहे."

रंगण्णाने बशी मांडताना आतल्या मालाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं म्हणे. पण दुसऱ्याच्या सासूच्या हातच्या पदार्थावर बोलायचं नाही, एवढं जग त्याने पाहिलं होतं.

इकडे जयशीला मिस आपला पाचवीचा वर्ग घेऊन आल्या. मिसच्या खांद्याला प्रथमोपचाराची पेटी, हातात पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर, आज कुणाला तरी काहीतरी होणारच, असा भाव. नागवेणीने घुबडाची गोष्ट रंगवून सांगितली. प्रत्येक टेबलावर चिमटे दिले, हाडांची चित्रं असलेला तक्ता दिला, गोळ्या दिल्या. "घाबरू नका, घाण वाटून घेऊ नका. घुबडाने तुमच्यासाठी कोडं घालून ठेवलंय. सोडवा." तेवढ्यात फाटकात गाडी आल्याचा निरोप आला आणि ती अम्मांना घ्यायला पळाली.

कनकवल्ली अम्मा सत्तरी ओलांडलेल्या, बारीक, ताठ, जन्मभर मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका राहिलेल्या. त्यांच्यासमोर डॉ. शिवलिंगय्यांचे हातसुद्धा आपोआप मागे बांधले गेले. "आधी चहा, मग खोली," असं साहेबांनी सुचवलं आणि नागवेणी खूश होऊन मुलांकडे परतली.

खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. प्रत्येक टेबलावर डोक्याला डोकं. नागवेणीला भरून आलं. हे दृश्य अम्मांनी पाहायला हवं, असं म्हणत ती टेबलांमधून सावकाश फिरू लागली.

"मिस," इंचरा नावाच्या चष्मेवाल्या मुलीने हात वर केला, "आमच्या घुबडाने शेंगदाणे खाल्लेत."

"घुबड शेंगदाणे खात नाही, बाळ. शेंगदाणे उंदराने खाल्ले, उंदीर घुबडाने खाल्ला. याला अन्नसाखळी म्हणतात," नागवेणी खाली न बघताच म्हणाली. कुठल्याही प्रश्नाला तिच्याकडे उत्तर असायचं, हा तिचा लौकिक होता.

इंचराने लिहून घेतलं. पलीकडून एकाने विचारलं, "मिस, हे पांढरं, बारीक, टोकदार काय आहे? खूप आहेत."

"ते चिचुंद्रीचे दात. नीट मोजा."

"मिस, शंभरच्या वर झाले."

"मग दोन चिचुंद्र्या असतील."

"आणि हे पातळ, वाकडं?"

"बरगडी. तक्त्यात बघ."

मुलांनी खोबऱ्याच्या किसाच्या बरगड्या कागदावर ओळीने चिकटवल्या. त्या चिकटतही होत्या उत्तम. डिंकसुद्धा लागला नाही, याचं नागवेणीला थोडं नवल वाटलं, पण थोडंच.

कोपऱ्यातल्या टेबलावर मल्लेश नावाचा एक गुबगुबीत मुलगा होता. त्याच्यासमोर ना बरगड्या होत्या ना दात. नुसता रिकामा चंदेरी कागद होता, तोही चाटून लख्ख केलेला.

"मल्लेश, तुझी गोळी कुठाय?" जयशीला मिसनी विचारलं.

मल्लेशने पोटावर हात ठेवला.

जयशीला मिस आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या, आणि मग नागवेणीकडे वळल्या. "मॅडम, पोराने घुबडाची ओकारी खाल्ली. त्याच्या आईला मी काय सांगू? सहलीला नेलं आणि ओकारी खायला घातली? ती बाई रोज शाळेच्या फाटकात उभी असते, मॅडम. डबा पूर्ण खाल्ला का विचारायला."

"मिस, छान होती," मल्लेश समजुतीच्या सुरात म्हणाला. "वेलची पण होती."

नागवेणीच्या डोक्यात वेलची हा शब्द दोनदा वाजला. उंदीर पोत्यात शिरून शेंगदाणे खाईल, तीळ खाईल, पण वेलदोडा सोलून, कुटून कोण खातो? तिने इंचराच्या टेबलावरचा एक तुकडा उचलला, नाकाशी नेला आणि सरळ तोंडात टाकला.

"अरे देवा," जयशीला मिस खुर्चीवर बसल्या. "ह्याही खातात."

तो सासूबाईंचाच लाडू होता. गूळ किंचित पुढे, नेहमीसारखा. नागवेणीला क्षणभर इतकं हायसं वाटलं, की तिने मल्लेशच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि मग तो हात तिथेच थांबला. मुलांकडे लाडू आले होते, तर चहाबरोबर काय गेलं होतं?

ती धावत सुटली. हरणं, रानडुक्कर, पेंढा भरलेला वाघ, सगळ्यांना मागे टाकत संचालकांच्या खोलीकडे. तिच्यामागे मल्लेशला बखोटीला धरून जयशीला मिस, कारण तक्रार साहेबांकडेच करायची असा त्यांचा निश्चय झाला होता. त्यांच्यामागे चिमटे हातात घेऊन अख्खा वर्ग, कारण कार्यक्रमाचा पुढचा भाग तिकडे आहे अशी त्यांची समजूत झाली होती.

दार उघडलं तेव्हा उशीर झालेला होता. कनकवल्ली अम्मा टेबलावर वाकल्या होत्या. त्यांच्या बशीत एक गोळी मोकळी केलेली होती. हातातल्या केसांच्या आकड्याने त्या एक नखाएवढी कवटी कडेला सरकवत होत्या. आणि समोर डॉ. शिवलिंगय्या बसले होते, गाल फुगवून, अगदी सावकाश चावत. पाहुण्यांसमोर तोंडातला घास बाहेर काढायचा नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं.

"ये, ये," अम्मा मान वर न करता म्हणाल्या. "हा उजवा जबडा की डावा गं?"

नागवेणीने काही बोलायच्या आत जयशीला मिस पुढे झाल्या. "अम्मा, तुम्हीच न्याय करा. इथे माझ्या वर्गातल्या मुलाने घुबडाची गोळी खाल्ली आणि कुणाला काही वाटत नाही."

"मला तीच काळजी होती," अम्मा शांतपणे म्हणाल्या. "हा नमुना बशीत दिसला तेव्हाच मी यांना विचारलं, की हे एखाद्या मुलाच्या तोंडात गेलं तर? हे एक अक्षर बोलले नाहीत. अख्खी गोळी उचलून स्वतःच्या तोंडात टाकली. मी चाळीस वर्षं शाळा चालवली. इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलेलं नाही."

साहेबांनी नम्रपणे मान हलवली. लाडवाचं एवढं कौतुक का चाललंय हे त्यांना कळत नव्हतं, पण कौतुक होत होतं ते खरं. आणि घुबडाबद्दलच्या बोलण्याकडे, घास गिळण्याच्या खटपटीत, त्यांचं फारसं लक्ष नव्हतं.

"मिस, मल्लेशने गोळी खाल्लेली नाही," नागवेणी कशीबशी म्हणाली. "डब्यांची अदलाबदल झाली. मुलांकडे गेले ते सासूबाईंचे नाचणीचे लाडू होते."

जयशीला मिसनी मोठा सुस्कारा सोडला. मुलं हिरमुसली. मल्लेशने विचारलं, उरलेत का.

आणि डॉ. शिवलिंगय्यांचा जबडा थांबला.

त्यांनी आधी नागवेणीकडे पाहिलं. मग अम्मांच्या बशीतल्या कवटीकडे. मग आपल्या बशीत उरलेल्या दुसऱ्या गोळीकडे. तिच्यातून एक बारीकशी शेपटी बाहेर आली होती. नागवेणीला त्या वेळी त्यांच्याबद्दल जेवढी माया वाटली, तेवढी दोन वर्षांत कधी वाटली नव्हती. थुंकावं, तर अम्मा समोर. गिळावं, तर... पण त्यांनी पाण्याचा पेला उचलला, डोळे मिटले आणि गिळलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं ना हे काय आहे?" अम्मांनी विचारलं.

सगळी खोली साहेबांकडे बघत होती. नागवेणीने मनातल्या मनात कपाटं खोलीत लावूनही टाकली.

"हो, हो," साहेबांचा आवाज जरा घोगरा आला. "आम्ही... आम्ही ते भाजून घेतो. काही अपाय नाही." मग आणखी एक घोट पाणी घेऊन, "किंचित केस लागतात घशाला. एवढंच."

अम्मा उठल्या, मुलांबरोबर 'हात लावा' खोलीत जाऊन बसल्या. खऱ्या गोळ्या वाटल्या गेल्या, आणि अम्मांनी स्वतः इंचराबरोबर एका उंदराची सगळी हाडं जागेवर लावली. मल्लेशचा मात्र त्या विषयातला रस संपला होता. हात धुऊन निघताना अम्मांनी सांगितलं, खोली राहील, शेजारची खोलीही यांना द्या, आणि नळावरची ती पाटी काढा. मग गाडीत बसता बसता काच खाली करून म्हणाल्या, "शिवलिंगय्या, शनिवारी बंगळूरला आमच्या सगळ्या संस्थांच्या प्रमुखांची बैठक आहे. तुम्ही हे तिथे करून दाखवा. मुलं कशी सुरक्षित असतात ते. अगदी आज दाखवलंत तसंच."

गाडी गेली. साहेब फाटकाशी उभे राहिले. त्यांचं आतापर्यंत चार पेले ताक पिऊन झालं होतं.

"नागवेणी," ते म्हणाले, "तुमच्या सासूबाईंचा हात चांगला आहे म्हणतात."

"हो, सर."

"त्यांना विचारून बघा. लाडू जरा केसाळ दिसतील असे करता येतात का."

"विचारते, सर," नागवेणी म्हणाली.

आज शुक्रवार आहे. अजून तिने विचारलेलं नाही.