लाल बाटलीतले चार थेंब

"मावशी, तुला नट नीट आवळता येत नाहीत, म्हणून त्यांना गोंद लावतेस का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती आणि पोरीने गॅरेजच्या दारात उभं राहून हा प्रश्न खरंच विचारून टाकला. मोटरसायकलच्या ब्रेकवर वाकलेली मावशी रागावली नाही. तिने निळ्या बाटलीतला एक थेंब बोल्टच्या आट्यांवर सोडला.

"गाडी थरथरते, आणि थरथरीने आवळलेलंसुद्धा सैल होतं. हे औषध बाटलीत पातळ राहतं, कारण तिथे हवा असते. आट्यांत कोंडलं की दगड."

पोरगी बघतच राहिली. हवा मिळाली नाही की माणसाचा जीव जातो, आणि या थेंबात मात्र येतो! मावशी पुढे बरंच सांगत होती. लाल बाटली याहून कडक, ती कुठे लावायची, कुठे अजिबात नाही. पण तोवर भाचीबाईंचे पाय जमिनीवर नव्हते.

सुटीच्या दिवशी तिला गॅरेजात शिकायला पाठवायचं की नाही, हा प्रश्न घरी लोंबकळत होता. आईचं एकच पालुपद, आधी काहीतरी धड करून दाखव. मग तिने दाखवलं. मावशीकडून लाल बाटली गुपचूप आणली, बाबांच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा नट काढला आणि एकाऐवजी चार थेंब ओतून आवळला. बाबांच्या जिवाचा प्रश्न, त्यात चिक्कूपणा कशाला?

पुढच्याच आठवड्यात तिला शाळेत सोडताना नेमकं तेच चाक पंक्चर झालं.

पंक्चरवाल्याने पाना लावला. नट ढिम्म. पान्याला पाईप जोडला. पाईप वाकला. ऑफिसच्या कपड्यांतले बाबा त्यावर चढून उभे राहिले, तर अख्खी गाडी सरकली, पण नट जागचा हलला नाही. येणारेजाणारे हात लावून बघू लागले आणि देवाला हात लावावा तसे मागे सरू लागले.

"साहेब, कोणत्या पैलवानाने बसवलाय हा?" पंक्चरवाल्याने घाम पुसत विचारलं.

पैलवान दप्तर पोटाशी धरून उभी होती. शाळा बुडाली होती, गॅरेजही बुडणार होतं. "मी," ती म्हणाली. "लाल बाटली लावली. मावशीला बोलवा."

मावशी गरम हवेचं यंत्र घेऊन आली. आधी भाचीकडे नुसतं बघितलं, मग टायर ओल्या फडक्याने झाकून नट तापवला; लाल औषध तापल्यावरच सुटतं. जळका वास सुटला. तिने पाना पोरीच्या हातात दिला. "बसवलास तू, काढ तूच."

कट्‌ असा आवाज झाला आणि नट लोण्यात असल्यासारखा फिरला. बाबा त्या नटाकडे बघत होते, मग लेकीच्या मनगटाकडे.

"हात चांगला आहे," मावशी म्हणाली. "ऐकायचं तेवढं शिकवावं लागेल. दर पंक्चरला उघडायच्या नटाला लाल लावतात होय?"

रात्री जेवताना आईने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "धड करून दाखव म्हटलं होतं मी."

"इतकं धड केलं," बाबा पुटपुटले, "की निघेना."

पोरीने ताट बाजूला सारलं आणि दोघांकडे पाहिलं. "आई, बाबा, या रविवारपासून मी गॅरेजात जाणार. ठरलंय माझं. आणि हे निळ्या बाटलीतलं नाही, लाल आहे."