रावसाहेबांचं मीठ

सगळा घोळ झाला तो चमचाभर मिठानं. डॉक्टरांनी हेडक्लार्कांचं ब्लडप्रेशर दोनदा मोजलं, मान हलवली आणि मीठ बंद केलं. बंद म्हणजे बंद. बायकोनं त्याच संध्याकाळी मिठाची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर चढवली, जिथे हेडक्लार्कांचा हात स्टुलाशिवाय पोचत नाही (आणि स्टुलावर चढायचं तर गुडघे आड येतात, हे तिला पक्कं ठाऊक). दुसऱ्या दिवशी त्यांनी अळणी भाजीचा पहिला घास घेतला आणि जगात जो जो अळणी खातो त्या सगळ्यांबद्दल त्यांना कणव दाटून आली. नेमकी त्याच दिवशी रावसाहेबांच्या टाकीत पाणी घालायची पाळी होती.

रावसाहेब म्हणजे लेकीचा मासा. बोटभर लांब, नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे. बाहेरच्या खोलीतल्या छोट्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तो इन्स्पेक्शनला निघाल्यासारखा फिरायचा, म्हणून लेकीनं त्याला रावसाहेब केलं आणि अहोजाहो सुरू केलं. हेडक्लार्कांनीही ते उचललं. सगळी नोकरी 'साहेब, साहेब' करण्यात गेली होती, त्यात आणखी एक. बायको मात्र मासाच म्हणायची. तिच्या तोंडी 'हे' एकच होते, ते म्हणजे हेडक्लार्क. सव्वीस वर्षांत त्या शब्दात कुणी वाटेकरी आला नव्हता.

लेक सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला परगावी निघाली तेव्हा आईबापासमोर हसत होती. टाकीशी वाकली आणि भरलेले डोळे काचेत दिसले.

"मी बघतो ना त्यांच्याकडे," हेडक्लार्क म्हणाले. "तू येशील तेव्हा आहेत तसे ताब्यात देतो."

तिनं टाकीवर चिठ्ठी चिकटवली: 'पाणी कमी झालं की खुणेपर्यंत साधं पाणी घाल.'

साधं? हेडक्लार्क चिठ्ठीसमोर थबकले. समुद्रातला जीव, आणि त्याला साधं पाणी? पोरीनं घाईत लिहिलं असणार. (आयुष्यभर साहेबांची पत्रं दुरुस्त केलेला माणूस. त्याला लेकीची चिठ्ठी ती काय!) त्यांनी टाकीच्या मिठाच्या डब्यातलं चांगलं चमचाभर मीठ तांब्यात विरघळवलं आणि ओतलं. मला नाही तर निदान तुम्हाला तरी, असं पुटपुटलेही. मग दर दोन दिवसांनी हाच कार्यक्रम.

चौथ्या आठवड्यात रावसाहेबांनी इन्स्पेक्शन बंद केलं. तळाशी कोपऱ्यात पडून असायचे, कल्ले भराभर हलायचे, दाणे नाकासमोरून खाली गेले तरी ढुंकून बघायचे नाहीत. रविवारी लेक दोन दिवसांसाठी यायची होती. फोनवर ती रावसाहेबांची चौकशी करायची तेव्हा हे 'मजेत आहेत' म्हणायचे आणि घाईघाईनं हवापाण्याकडे वळायचे.

शेवटी बुधवारी ऑफिसातून त्यांनी माशांच्या दुकानात फोन लावला. रावसाहेब चार दिवस जेवले नाहीत, श्वास लागलाय, कुशीवर पडून असतात, असं दबक्या आवाजात सांगितलं. त्यांचा दबका आवाज सगळ्या सेक्शनला नीट ऐकू जातो. फोन ठेवल्यावर टायपिस्टबाईंनी हळूच विचारलं, "हॉस्पिटलात नाही हलवलं?"

"वेळ आलीच तर बादलीत हलवा म्हणतोय," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी रुमालानं डोळे टिपले.

पुढे कुणी काही विचारलं नाही. साहेबांनी न मागता आठवडाभराची रजा दिली, वर खांद्यावर हातही ठेवला.

दुकानदारानं घरी येऊन खारेपणा मोजायचा मीटर पाण्यात धरला आणि काका वरून मीठ घालत होते का, असं विचारलं. काकांनी कबूल केलं. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, ते आतच राहतं, म्हणून भर साध्या पाण्याची, हे त्यानं पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगितलं. आता एकदम साधं पाणी ओतलं तर त्या धक्क्यानंच जातील. तासाला एक वाटी खारं काढायचं आणि एक वाटी साधं घालायचं, एवढाच उपाय.

तो गेल्यावर हेडक्लार्क स्टुलावर बसून राहिले.

"मी मायेनं घालत होतो गं," ते म्हणाले. "पोरीनं एक जीव सोपवला माझ्यावर, आणि मी त्याचं लोणचं घातलं."

"कळलं. सरका जरा," बायको म्हणाली, टाकीच्या मिठाचा डबाही वरच्या फळीवर चढवला आणि वाटी घेऊन शेजारी बसली.

हेडक्लार्कांनी वहीत तासातासाच्या वाटीचे रकाने आखले. गुरुवारी दुपारी वाटी हातात असतानाच त्यांचा डोळा लागला, जाग आली तेव्हा वाटी बायकोकडे होती. ती काचेला नाक लावून बोलत होती. "पोरगी येतेय. तिच्यापुढे असं पडून राहायचं नाही. घर किती सुनं झालंय बघताय ना." लेक गेल्यापासून ती एकदाही करमत नाही म्हणाली नव्हती. हेडक्लार्कांनी डोळे पुन्हा मिटून घेतले.

शनिवारी सकाळी रावसाहेबांनी एक दाणा तोंडात घेतला, थुंकला आणि पुन्हा घेतला. तो गिळेपर्यंत नवराबायकोंनी श्वास रोखून धरला होता.

रविवारी लेक आली ती बॅग दारात टाकून थेट टाकीशी. "बाबा, हे रोडावलेत." हेडक्लार्कांनी चिठ्ठीपासून वहीपर्यंत सगळं सांगून टाकलं. लेकीनं रकाने वाचले. बापाच्या लाल खुणा, मधेमधे आईच्या निळ्या. "माझीपण चिठ्ठी दुरुस्त केलीस?" म्हणाली, हसायला लागली आणि हसता हसता बापाच्या गळ्यात पडून रडली.

तेवढ्यात बेल वाजली. अख्खा सेक्शन फळं घेऊन दारात उभा. टायपिस्टबाईंनी कुजबुजत रावसाहेब कसे आहेत विचारलं. हेडक्लार्कांनी टाकीकडे बोट केलं. साहेब बराच वेळ माशाकडे बघत राहिले, मग हेडक्लार्कांकडे, मग पुन्हा माशाकडे.

"बरे दिसतायत," ते म्हणाले.

मंडळी गेल्यावर हेडक्लार्क जेवायला बसले. लेक मात्र अजून मीटर घेऊन टाकीशी काहीतरी खुडबुड करत होती. तिच्याशी बोलून बायको आत आली, स्टूल ओढून चढली आणि वरच्या फळीवरून एक डबा काढला.

"ह्यांना मीठ आता जरा कमीच पडतंय," ती मायेनं म्हणाली. "थोडं द्यायला हवं."

हेडक्लार्कांचे डोळे पाणावले. त्यांनी ताट पुढे केलं. बायको ताटाला वळसा घालून टाकीकडे गेली.