दुसऱ्या भागाचा नवस

त्या दिवशी देवाजवळ माझं नेहमीचं मागून झालं होतं. ह्यांची पाठ, लेकीची परीक्षा, वरच्या मजल्यावरच्या आजींचा गुडघा. (आजींनी मागायला सांगितलं नव्हतं. पण देवाजवळ मागताना मी हात आखडता घेत नाही.) उठता उठता वाटलं, आलोच आहोत तर आणखी एक मागून टाकावं. भाजी घेऊन झाल्यावर आपण नाही का म्हणत, तेवढं एक लिंबू पण टाका, तसं.

म्हटलं, "देवा, त्या सिनेमाचा दुसरा भाग निघू दे. निघाला तर आम्ही दोघं जोडीनं जाऊ आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बघू."

झालं. एवढंच बोलले मी. आमच्या घरातल्या पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ हे असं लिंबाएवढं आहे.

तो सिनेमा म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना "आता नीट दिसतंय का?" विचारायचं आणि घरी आल्यावर स्वतः एकच गोष्ट बघायची. एक नकाशे काढणारा नायक, त्याचं हट्टी खेचर, डोंगरातली गुहा, गुहेत खजिना. शेवटी नायक खजिना तिथंच सोडतो आणि खेचरावर बसून धुक्यात निघून जातो. तिथं हे दर वेळी मोठा उसासा टाकायचे आणि म्हणायचे, "पुढं काय झालं असेल गं त्याचं?"

लग्न झाल्यापासून मी तो उसासा ऐकत आले. बायकोच्या काळजाला किती सोसवणार? म्हणून नवस.

मध्ये एकदा त्या सिनेमावाल्यांनी जुनी फिल्म धुऊनपुसून, रंग चढवून परत आणली होती. आम्ही हौसेनं गेलो. बघतो तर खेचराच्या जागी कॉम्प्युटरनं काढलेला पांढराशुभ्र घोडा! आणि गुहेच्या प्रसंगात पडद्याच्या कोपऱ्यात चुकून कुणा कामगाराचं कोपर दिसायचं, तेही पुसून टाकलेलं. (त्या कोपरावर ह्यांचं फार प्रेम. ते दिसलं की हे टाळी वाजवायचे.) घरी आल्यावर हे जेवले नाहीत. मग दंतवैद्य, शिंपी आणि निवृत्त मोठ्या बाई, म्हणजे आमच्या लेकीच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, असे समदुःखी शोधून ह्यांनी मंडळच काढलं. मंडळाची मागणी दोन शब्दांची : खेचर, कोपर. बैठका आमच्या घरी. चहा माझा.

अशात एका सकाळी लेक मोबाइलमध्ये बघत ओरडली, "बाबा! दुसरा भाग येतोय! नायक तोच, आता म्हातारा झालाय!"

माझ्या अंगावर काटा आला. देवानं ऐकलं! आता हे आनंदानं उडी मारतील म्हणून मी ह्यांच्या पुढ्यातली चहाची कपबशीसुद्धा बाजूला सरकवली.

ह्यांनी चमचा खाली ठेवला. "कोणी सांगितलं होतं त्या सिनेमावाल्यांना?"

(माझा हात आपोआप वर जायला लागला होता. मी त्या हातानं केस सारखे केले.)

"अहो, पण तुम्हीच तर म्हणायचात, पुढं काय झालं असेल?"

"म्हणायचो! पण उत्तर कुठं मागितलं होतं मी?"

"प्रश्न विचारल्यावर माणसाला वाटतं की..."

"तो धुक्यात गेला. संपलं. आता त्या धुक्यातून त्याला काठी टेकत बाहेर काढणार? ज्याच्या डोक्यातून हे निघालं ना, तो माणूस मला एकदा भेटू दे."

तो माणूस त्यांच्यासमोरच बसून त्यांच्यासाठी पावाला लोणी लावत होता.

संध्याकाळी मंडळाची तातडीची बैठक झाली. शिंप्यानं नायकासारखं शिवलेलं जाकीट टेबलावर पसरलं आणि सगळ्यांनी त्यावर हात ठेवून शपथ घेतली की दुसऱ्या भागाच्या थिएटरची पायरीसुद्धा चढायची नाही. दंतवैद्य म्हणाले, "वहिनी, तुम्हीपण ठेवा हात."

"माझ्या हातात ट्रे आहे ना, भावजी."

"ठेवा की खाली."

"सांडेल."

"कप रिकामे आहेत, वहिनी."

"तरी," म्हणून मी शपथ संपेपर्यंत ट्रे छातीशी धरून उभी राहिले.

रात्रंदिवस जिवाला घोर लागला. देवाशी बोललेला नवस, तोही जोडीचा, आणि त्यातला अर्धा जोडीदार शपथ घेऊन बसलेला. दुसरा नवस बोलून पहिला रद्द करावा असंही मनात आलं. पण देवाकडे अर्ज मागं घ्यायची खिडकी नसते. शिवाय ज्यानं एवढ्या लोकांना कामाला लावून आपल्यासाठी सिनेमा काढला, त्याला आता काय म्हणायचं? नको, परत घेऊन जा?

शेवटी हे दाढी करत असताना मी सांगायचं ठरवलं. तोंडाला फेस असला की माणूस कमी बोलतो.

"अहो, तो दुसरा भाग माझ्यामुळं आला."

वस्तरा थांबला. "तुझ्यामुळं?"

"नवस बोलले होते."

हे स्टुलावर बसले. "अगं, माझ्यासाठी मागायचंच होतं तर दुकानाला गिऱ्हाइकं मागायचीस!"

"तुम्ही गिऱ्हाइकांसाठी उसासे टाकत नव्हतात."

ह्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला. मग हळूच म्हणाले, "फेडायचा कसा ठरलाय?"

"जोडीनं बघून. पूर्ण."

"मी शपथ घेतलीय."

"ती माणसांसमोर. नवस देवासमोर."

"मोठ्या बाई काही कमी नाहीत," हे म्हणाले आणि अर्धी दाढी तशीच ठेवून फोनकडे गेले.

पुन्हा बैठक. मला वाटलं, आता माझी चामडी सोलतात. पण मोठ्या बाईंनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "श्रद्धेचा प्रश्न आहे. अपवाद करू. त्यांनी सिनेमा बघावा, पण आनंद घेऊ नये."

"आणि घेतला तर?" शिंप्यानं विचारलं.

"लक्ष ठेवायला मी जातो," दंतवैद्य घाईघाईनं म्हणाले. (फारच घाईघाईनं, हे मला नंतर सुचलं.)

तर दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. मी मधे. हे हाताची घडी घालून, समोरच्याला जवळचं दिसतं की लांबचं हे ठरवताना करतात तसा चेहरा करून बसले. नावं सुरू झाली. मी एकेक नाव मनात वाचलं, अगदी दिवे लावणाऱ्यांचंसुद्धा. मग धुकं आलं. धुक्यातून दोन कान आले. खेचर! म्हातारं, नाकावर पांढरं झालेलं, पण खरं. ह्यांनी माझं मनगट आवळलं. पलीकडून दंतवैद्यांनी नाक ओढलं. मी मनात म्हटलं, देवा, पावलास. खुर्ची मऊ होती, हवा गार होती, जेवणही अंगावर आलं होतं...

डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते.

"कुठपर्यंत बघितलंस?" ह्यांनी विचारलं.

"खेचरापर्यंत," मी रडवेली होऊन म्हटलं.

"म्हणजे नवस अपुरा राहिला." आवाज गंभीर. डोळे मात्र लाल आणि चकाकणारे. "उद्या परत यावं लागेल. इलाज नाही."

"मलाही यावं लागेल," दंतवैद्य म्हणाले. "जबाबदारी आहे."

दुसऱ्या दिवशी मी कडक चहा घेऊन गेले. खेचर आलं आणि मी गेले. मग घट्ट चपला घातल्या, ओला रुमाल मानेवर ठेवला, स्वतःला चिमटे काढले. (एक चिमटा चुकून दंतवैद्यांना बसला. ते म्हणाले, "थँक्यू वहिनी, मी फारच रंगून गेलो होतो.") काही उपयोग नाही. त्या खेचराचे कान दिसले की माझ्या पापण्या खाली.

पुढं पुढं मोठ्या बाई यायला लागल्या, दंतवैद्य नीट लक्ष ठेवतात की नाही हे बघायला. शिंपी आला, मोठ्या बाईंना सोबत म्हणून. बाहेर मंडळाचा विरोध कायम होता. दुकानात कुणी विचारलं तर हे सुस्कारा सोडून सांगायचे, "काय करणार, हिचा नवस आहे."

मला मात्र अपराधी वाटायचं. माझ्या डोळ्यांपायी चार माणसांना नको असलेला सिनेमा पुन्हा पुन्हा सोसावा लागतोय! त्या थिएटरातून सिनेमा उतरायला आला, तिथला शेवटचाच खेळ राहिला. त्या दिवशी मी देवाला म्हटलं, आज तरी जागी ठेव.

आणि देवानं मध्येच मला जाग आणली. डोळे अजून मिटलेलेच होते, पण कानावर टाळी आली. खणखणीत, शिंप्याची. पाठोपाठ ह्यांचा दबका आवाज : "शू! हळू! उठली तर नवस फिटेल."

मग कुणीतरी, बहुतेक दंतवैद्यांनी, माझ्या खांद्यावर ते जाकीट पांघरलं.

मी डोळे उघडले नाहीत. काय उघडायचे? शेजारी हे लहान मुलासारखे फुसफुसत होते, "बघा, बघा, आता तो पुलावर येणार." लग्न झाल्यापासून जो आवाज ऐकायचा होता, तो हा. देव बिचारा माझं ऐकून केव्हाच मोकळा झाला होता. ठरवलं, खेळ संपेपर्यंत झोपेचं सोंग घ्यायचं. ह्या भल्या माणसांना कळू द्यायचं नाही की मला कळलंय.

दिवे लागल्यावर हे मला गदागदा हलवून उठवत होते.

मोठ्या बाई माझ्यापुढं उभ्या होत्या. "हे बघ बाई," त्या म्हणाल्या, "तुझा नवस सावकाश फिटू दे, दुसऱ्या थिएटरात अजून खेळ आहेत, आमची हरकत नाही. पण घोरणं तेवढं बेतानं. खेचराचा आवाज ऐकू येत नाही."