पिवळ्या टी-शर्टातला कोच

सासऱ्यांना शर्यतीसाठी तयार करायचं काम माझ्यावर सोपवा आणि निर्धास्त राहा, असं मी घरात छाती ठोकून सांगितलं होतं. कोच म्हणून माझी लायकी काय, असं विचाराल तर सांगतो. सायकल शर्यतींचे मिळतील तेवढे व्हिडिओ मी पाहिले होते. तेही लोळत नाही, चांगलं ताठ बसून!

सासरे, म्हणजे आमचे बाबा, तरुणपणी सायकलवर सुसाट सुटायचे. मग नोकरी, मुलीचं शिक्षण, गुडघे, असं सगळं झालं. निवृत्त झाल्यावर गेल्या वर्षी ते तळ्याभोवतीच्या शर्यतीत, ज्येष्ठांच्या गटात, हौसेने उतरले आणि अर्ध्यातच गळपटले. अशा लोकांना सायकलीसकट गोळा करायला शर्यतीच्या मागे एक टेम्पो असतो. बाबा त्या टेम्पोतून परत आले! एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच शर्यतीत त्यांचे दातांचे डॉक्टर होते, आणि त्यांनी शर्यत पूर्ण केली. तेव्हापासून बाबांची दाढ कोरता कोरता ते विचारायचे, "काय मग, यंदा टेम्पोत खिडकीची जागा सांगून ठेवली का?" तोंडात ते घरघरणारं यंत्र असताना माणूस उत्तर काय देणार, कप्पाळ!

"जावईबापू," एक दिवस बाबा गाल धरून घरी आले, "यंदा त्या दातवाल्याच्या आधी पोचलो नाही ना, तर सायकल विकून टाकणार. कायमची!"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच संध्याकाळी कामाला लागलो.

काय मेहनत घेतली म्हणून सांगू! सकाळी दवाखान्यामागचा चढ, संध्याकाळी हॉलमध्ये बैठका. सासूबाईंनी साखरेचा डबा कुलपात टाकला. बाबांचं पोट आत गेलं, पोटऱ्या टणक झाल्या आणि माझा रुबाब वाढला. ऑफिसातसुद्धा मी गळ्यात शिट्टी घालून जायला लागलो.

अडचण एकच होती. शर्यतीत चष्मा घामाने घसरतो म्हणून बाबा तो काढून ठेवायचे, आणि चष्म्याशिवाय त्यांना लांबचं सगळं धूसर!

"मग तुम्ही मला दिसणार कसे?"

"सोप्पं आहे, बाबा! मी भडक पिवळा टी-शर्ट आणि पिवळी टोपी घालतो. पिवळं दिसलं की समजायचं, कोच! मी हात वर केला की जोर लावायचा. दोन्ही हात पसरले की दम खायचा. आणि टोपी हलवली की जीव खाऊन पळवायची. शेवटच्या फेरीपर्यंत मी टोपी हलवणारच नाही. तोवर गुपचूप डॉक्टरांच्या मागे राहायचं, समोरचा वारा त्यांना झेलू द्यायचा!"

"वा!" बाबा म्हणाले. "तुम्ही सांगाल तसं. एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही!"

शर्यतीच्या दिवशी मी पिवळाधमक होऊन बायको आणि सासूबाईंसह तळ्यावर पोचलो आणि जागीच थिजलो. आयोजकांची सगळी माणसं पिवळ्या टी-शर्टात! डोक्यावर पिवळ्या टोप्या! मी बाबांना गाठायला धावणार, तेवढ्यात एका मिशीवाल्या काकांनी माझं मनगट पकडलं.

"उशीर का केलास? जा, त्या पाण्याच्या टाकीपाशी उभा राहा! सायकली आल्या की लोकांना अडव!"

"अहो काका, मी तुमच्यातला नाही..."

"कामाच्या वेळी सगळे असंच म्हणतात!" म्हणत त्यांनी मला ढकललंच. तिकडे शर्यत सुटलीसुद्धा!

पहिल्या फेरीत बाबा अगदी ठरल्याप्रमाणे डॉक्टरांच्या मागे चिकटून आले. तेवढ्यात एक आजी कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडायला निघाल्या. "आजी, थांबा!" ओरडत मी हात वर केला. झालं! बाबा गोळीसारखे सुटले!

"अरे, काय करतोयस?" माझ्यामागे आलेली बायको किंचाळली. "आत्तापासून?"

मी तळ्यापलीकडे पाहिलं तर काय! पुढच्या वळणावर एक पिवळा टी-शर्टवाला हात वर करून रिक्षा थांबवत होता. बाबा सुसाट! त्याच्या पुढचा पिवळा आळस देत होता, दोन्ही हात पसरून. बाबा एकदम थंड! त्याच्या पुढचा टोपीने वारा घेत होता. बाबा जिवाच्या आकांताने!

आणि डॉक्टर? त्यांना बाबा पुढे गेलेले सहन होईनात. बाबा सुटले की डॉक्टर सुटायचे, बाबा मंदावले की डॉक्टर धापा टाकत गाठायचे, आणि गाठतात न गाठतात तोच पुढचा पिवळा हात वर!

दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या फेरीत बाबा माझ्यासमोरून गेले तेव्हा त्यांचा चेहरा टोमॅटो झाला होता. मी घाबरून दोन्ही हात पसरले. बाबा इतके मंदावले, इतके मंदावले की सगळे पुढे निघून गेले आणि मागून टेम्पो त्यांच्या चाकाला येऊन टेकला. आतला माणूस हात बाहेर काढून म्हणाला, "या काका, बसा आता!"

"बाबा, नका बसू!" बायको रडायला लागली. मी टोपी काढून गरागरा फिरवली, शिट्टी फुंकली, नाचलो!

बाबांनी मान खाली घातली आणि जे पायडल मारलं म्हणता! तिथून प्रत्येक वळणावर पिवळे लोक टोप्या हलवून "शाब्बास काका!" ओरडायला लागले. मग काय, बाबा थांबतात कशाला! देवाशपथ सांगतो, मी उड्या मारत होतो!

शेवटच्या वळणावर डॉक्टरांच्या पायात गोळे आले. ते पाय धरून रस्त्याकडेला बसले. बाबा त्यांच्या बाजूने सर्रकन गेले, गटात तिसरे आले! मागून आलेल्या टेम्पोतून डॉक्टर उतरले. खिडकीच्या जागेवरून.

बक्षीस घेताना बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी माईक हातात घेतला.

"हे सगळं श्रेय माझ्या जावयाचं! बघावं त्या वळणावर हे आधीच हजर! मी सायकलवर आणि हे पायी, तरी दर वेळी माझ्यापुढे! असा पळणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी भर लोकांत माझी अलाबला घेतली. अशा वेळी तोंड कोण उघडणार!

"म्हणून," बाबा पुढे म्हणाले, "पुढच्या महिन्यातल्या मोठ्या पळण्याच्या शर्यतीत मी ह्यांचं नाव आत्ताच दिलं आहे. कोच मी!"

तेव्हापासून रोज पहाटे मी तळ्याभोवती पळतोय. बाबा शेजारून सायकलवर, "अहो, त्या दिवशीचा वेग काढा की!" म्हणत असतात. साखरेचा डबा आता माझ्यासाठी कुलपात गेला आहे. रोज ठरवतो, आज बाबांना खरं काय ते सांगून टाकायचं. पण काय करू, बोलण्याइतका दमच उरत नाही हो!