सातवा सराफ

आमचे नाना कांद्याला पाणी देतानाही गळ्यात सराफाचं भिंग अडकवून फिरतात. कुणी खड्याची अंगठी घालून समोर आलं की भिंग डोळ्याला लावायचं, खड्यावर तोंडाची वाफ सोडायची, ती किती वेळात उडते ते मनात मोजायचं आणि मग तोंड वाकडं करायचं. गेल्या वर्षी एका लग्नात त्यांनी नवरीच्या सासऱ्यांचा पुष्कराज भर पंगतीत काच ठरवला. सासरे पानावरून उठले. नानांनी मात्र जिलबी पुन्हा मागून घेतली.

नाना माझे थोरले चुलते, निरगुडसरला एकटे राहतात. वडील पुण्यात, आत्या चिंचवडला, मी मंचरला. जमिनीची वाटणी झाली, घराची झाली. आजी गेल्यावर वाटायचं राहिलं ते तिचं जुनं पदक. सोन्याचं, मधे चिंचोक्याएवढा हिरवा खडा, भोवती लाल कण्या. खडा पाचू निघाला तर लाखांचा ऐवज, काच निघाली तर नुसतं सोन्याचं मोल. वाटणीसाठी भाव ठरायला हवा, आणि भाव काढायचं काम नानांनी आपणहून अंगावर घेतलं. सगळं आयुष्य औतामागं गेलं, आणि ऐट अशी की पेशव्यांचा जवाहीरखाना यांनीच सांभाळला!

त्यांचा नियम एकच. तिघा भावंडांच्या डोळ्यांदेखतच डबी उघडायची. म्हणजे दर खेपेला वडील पुण्याहून येणार, आत्या चिंचवडहून येणार आणि गाडी हाकायला मी, बिनपगारी. चार वर्षांत सहा सराफ झाले. नारायणगावच्यानं खडा काचेचा सांगितला. नाना म्हणाले, "डोळा न्हाई त्याला." जुन्नरच्यानं अस्सल पाचू सांगितला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. तर बाहेर येऊन हे म्हणतात, "लई गोड बोलतोय. त्याला पदक लाटायचंय. त्याला बी डोळा न्हाई." घोडेगावच्यानं पदक मशीनमध्ये घातलं, तर यांनी मशीनलाही डोळा नाही म्हणून सांगितलं. एकानं कागदी कपात चहा दिला, तो तेवढ्यावरच नापास.

आणि अशा प्रत्येक फजितीनंतर निरगुडसरला जाऊन मासवडी. ती नाना स्वतः सकाळीच करून ठेवायचे. रस्सा असा जाळ की नाकातोंडातून पाणी. आत्या नावं ठेवत ठेवत तीन भाकऱ्या संपवायची, वडील ओट्यावर आडवे व्हायचे, आणि ऊन उतरलं की नाना प्रत्येकाच्या हातात कांद्याची पिशवी देऊन वाटेला लावायचे. ठरलेलं काहीच नसायचं. अशा माणसाला काय म्हणावं? मी बरंच काही म्हणायचो, गाडीची काच वर करून.

यंदा वडील आणि आत्या हट्टालाच पेटले. सातवा सराफ शेवटचा, तो सांगेल तो भाव, आणि पदक मोडून पैसे वाटून घ्यायचे. मी मंचरातल्या म्हाताऱ्या शेठकडे आधीच एकटा जाऊन आलो. त्यांचे पणजोबा मारवाडातून आले, पण शेठ माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. रविवारी काय तो आकडा सांगा, म्हटलं, म्हणजे पदक मोडून ही पीडा मिटवू.

निरगुडसरच्या नानांचं पदक म्हटल्यावर शेठ हसले. "ते मी पाहिलंय. आजी गेल्या त्याच महिन्यात नाना एकटेच घेऊन आले होते."

माझं डोकंच फिरलं. तिघांशिवाय डबी उघडायची नाही म्हणणारा हाच माणूस!

शेठ जरा घुटमळले. पण तुम्ही मोडायची भाषा काढलीत म्हणून सांगतो, म्हणाले. मधला खडा काचेचा आहे हे त्यांनी नानांना तेव्हाच सांगितलं होतं. नानांनी पदक परत डबीत ठेवलं. मग म्हणाले, "शेठ, कुणाला बोलू नका. भाव कळला का वाटणी व्हईल. वाटणी झाली का निरगुडसरला यायचं कुणाला कामच राहणार न्हाई." आणि जाताना शेठकडचं एक जुनं भिंग मागून घेऊन गेले.

मी गाडीत येऊन बसलो. काच वर करून आजवर जे जे बोललो होतो ते आठवलं आणि स्वतःची लाज वाटली.

रविवारी सगळे शेठच्या गादीवर जमलो. नानांनी डबी उघडली. शेठनी पदक उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि भिंगावरून माझ्याकडे पाहिलं. वडील म्हणाले, "बोला शेठ, काय असेल ते सांगून टाका."

"राहू द्या," मी म्हणालो. "यांना डोळा नाही."

आत्यानं कपाळावर हात मारला. शेठनी पदक डबीत ठेवलं. आता आणखी कुणाकडे जायचं, म्हणून वडील माझ्यावर उखडले. ओतूरला एक जुना जाणकार आहे म्हणतात, मी सांगितलं, पण त्याला दिवाळीनंतरच सवड आहे.

नानांनी भिंग न लावता माझ्याकडे पाहिलं. मग डबी बंडीच्या खिशात घातली.

"चला," ते म्हणाले, "रस्सा निवला आसंल."